पीठ लागलेल्या चारशे अकरा सह्या

"माझी सही खोटी ठरवणारा अजून जन्माला यायचाय!" मन्मथअप्पा हलकुडेनं गिरणीच्या ओट्यावरून जाहीर केलं आणि शर्टावरचं पीठ झटकलं. ते वर उडालं, जरा फिरलं आणि पुन्हा शर्टावरच येऊन बसलं.

अप्पाचं म्हणणं तसं खरंच होतं. सही खोटी ठरवणारा जन्माला आलाच नव्हता आणि येणारही नव्हता. तो टेम्पोत बसून पुण्याहून निघाला होता, आणि अप्पा हे बोलत होता त्या घटकेला टेम्पोवाला सोलापूर रोडला पंक्चर काढत होता.

देवनळी हे तालुक्याचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला पोलीस ठाणं, दुसऱ्या अंगाला अप्पाची गिरणी, मध्ये बारा पावलं. आता कायदा असं म्हणतो, की पोलिसांना कुठं हत्यार सापडलं, रक्ताचा कपडा सापडला, तर दोन भल्या माणसांनी ते आपल्या डोळ्यांनी बघावं आणि पंचनाम्यावर सही करावी. कायदा चांगलाच आहे. पण खून झाला की गावातून सगळ्यात आधी पळतो तो भला माणूस. जो पळू शकत नाही असा देवनळीत एकच होता. पट्टा फिरत असताना गिरणीवाला जागा सोडत नाही. म्हणून जमादार बारा पावलं चालून यायचा, कागद पोत्यावर ठेवायचा, अप्पा हात धोतराला पुसायचा, सही करायचा, आणि कागदावर सांडलेलं पीठ फूऽऽ करून उडवायचा. झाला पंचनामा. दुसरा पंच म्हणून शेजारचा सायकलवाला इसाक सही करायचा. तो वारला त्याला बारा वर्षं झाली. वारल्यानंतरही सहा महिने तो सह्या करत होता असं म्हणतात.

तर अशा अप्पाच्या सह्या चारशे अकरा. कोर्टात जाताना तो पंचनामा पाठ करून जायचा. वकिलानं विचारावं, झाड कशाचं होतं? अप्पा म्हणणार, बाभळीचं. उंची? दोन पुरुष. किती वाजले होते? अकरा वीस. वकील घामाघूम, अप्पा कोरडा ठणठणीत. ह्याचं फळ म्हणून पंधरा ऑगस्टला ठाण्याच्या झेंड्याखाली तिसरी खुर्ची त्याची असायची.

"अप्पा, आता ते आयोगवाले येऊ लागलेत," हवालदार शिरसाट म्हणाला. "खुनाच्या जुन्या शिक्षा पुन्हा तपासणार म्हणं. कुणी उगंच आत बसलाय का बघणार."

"बघू दे की! कौसाबाई, सांगा ह्याला."

कौसाबाई डोंबे ज्वारीचा डबा उतरवत होती. हॉटेलांना भाकऱ्या थापून देणारी बाई, रोज सकाळी आठला दळणाला हजर. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अप्पा खोटं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

अप्पा एकदम पट्ट्याकडं वळला. पट्टा ठीक चालला होता.

बावीस वर्षांपूर्वी, २०१९ साली, कौसाबाईच्या सख्ख्या भावाचा, भगवानचा, ओढ्याकाठी खून झाला. आदल्या दिवशी त्याचं आणि तिच्या नवऱ्याचं, निवृत्तीचं, शेतात गुरं घुसल्यावरून वाजलं होतं. बघणारा कोणी नव्हता. पुरावा एकच, एक कुऱ्हाड. पंचनाम्यात लिहिलं होतं, आरोपीनं स्वतः पुढं होऊन बाभळीखाली उकरलं आणि कुऱ्हाड काढून दिली. खाली सही अप्पाची. निवृत्तीला जन्मठेप.

"तुझी शपथ कौसा, मी न्हाई," निवृत्ती म्हणत होता. म्हणून ती भावाचं सुतक फिटायच्या आधी गिरणीत आली होती. तिनं विचारलं होतं, "अप्पा, तुमच्या डोळ्यांदेखत काढली का त्यांनी कुऱ्हाड?" जमादार पोत्यावर बसून चहा पीत होता. अप्पा म्हणाला, "व्हय."

त्यानंतर कौसाबाई नवऱ्याला भेटायला एकदाही गेली नाही. कोर्टानं निवृत्तीला एकदा शिक्षा दिली. ह्या 'व्हय'नं रोज दिली.

टेम्पोतनं जे यंत्र उतरलं त्याचं सरकारी नाव 'धूलिदर्शक'. गावानं दुपारपर्यंत त्याचं धुळोबा केलं. आकार शिवणयंत्राएवढा. सोबत आयोगाच्या शास्त्रज्ञ, डॉक्टर तसनीम मुजावर. तिशीच्या, चष्मा डोक्यावर, आणि तो सापडत नाही म्हणून सारख्या खिसे चाचपणाऱ्या.

तीन दिवस त्या ठाण्यात बसल्या. चौथ्या दिवशी गिरणीत आल्या आणि अप्पाच्या पोत्यावर, बरोबर जमादाराच्या जागी, टेकल्या.

"अप्पा, बॉलपेननं सही केली की शाई लगेच वाळते का?"

"फुंकर मारली की वाळती."

"नाही वाळत. दोन-चार मिनिटं ओली असते. तेवढ्यात हवेतलं जे काय वर पडेल ते शाईत बुडतं. मग दुधावर साय धरते तशी शाईवर पापडी धरते. पुढं बावीस वर्षं धूळ बसली तरी ती पापडीच्या वर. सहीच्या वेळची धूळ पापडीच्या आत, जशीच्या तशी."

"बरं."

"आणि प्रत्येक जागेची धूळ वेगळी. झाडाचा पराग वेगळा, बुरशी वेगळी, कपड्याचं सूत वेगळं, जंतूसुद्धा वेगळे. हे यंत्र प्रकाशानं शाईचा एकेक पदर सोलतं, केसाच्या हजाराव्या भागाएवढा, आणि आतला कण न् कण वाचतं. बाभळीखाली सही केली तर बाभळीचा पराग सापडणार. विहिरीवर केली तर शेवाळ."

"आन् माझ्या सहीत?"

डॉक्टरांनी कागद काढला. "ज्वारीचं पीठ. बाजरीचं पीठ. हरभऱ्याचं पीठ. पट्ट्याच्या रबराची पूड. पिठातल्या किड्यांच्या पंखांचे खवले. आणि थोडी राख. ती काही आम्हाला कळेना."

अप्पानं कपाळावरच्या विभूतीला हात लावला.

"चारशे अकराच्या चारशे अकरा?"

"एक सोडून सगळ्या खोट्या. म्हणजे सही तुमचीच, पण कागदात लिहिलेल्या जागी केलेली नाही."

"आन् ती एक?"

"ती खरी. आठ वर्षांपूर्वीची. निवृत्ती डोंबेला सोडायचं का, असं तुरुंगानं घरच्यांना विचारलं होतं. बायकोनं लिहून दिलं, आम्ही ठेवून घेणार नाही. तिचा अंगठा आणि साक्षीदार तुम्ही. कागदात लिहिलंय, स्थळ हलकुडे यांची गिरणी. यंत्र म्हणतं, बरोबर."

आता आयोगाच्या हुशार लोकांनी ह्या यंत्राला एक फॉर्म जोडला होता. यंत्रानं जागा ओळखली, की फॉर्ममधली रिकामी जागा आपोआप भरायची. रिकामी जागा होती 'घटनास्थळ'. त्यामुळं दुसऱ्या दिवशी देवनळीतले एकोणीस खून एकाच ठिकाणी, हलकुडे पिठाच्या गिरणीत, झाल्याचं पत्र ठाण्यात येऊन पडलं. वरून हुकूम, जागा सील करा.

शिरसाट लाजत लाजत लाख आणि मेणबत्ती घेऊन आला. दाराला सील लावलं, पंचनामा लिहिला आणि सवयीनं कागद अप्पापुढं धरला.

"अप्पा, जरा सही."

अप्पानं सवयीनं पेन काढलं. मग दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले.

सील दोन दिवसांनी निघालं. डॉक्टर मुजावरांनी पुण्याला फोनवर आरडाओरडा केला, फॉर्म दुरुस्त झाला. निघताना त्या पुन्हा गिरणीत आल्या. ह्या खेपेला बसल्या नाहीत.

"अठरा खटल्यांत दुसरा पुरावा आहे. ते लोक सुटणार नाहीत, सुटूही नयेत. डोंबेच्या खटल्यात तुमची सही सोडली तर काहीच नाही. पण यंत्र फक्त सांगतं की तुम्ही गिरणीत होता. कुऱ्हाड मग कुणी काढली, काढली का नाही, हे ते सांगत नाही. तुम्ही आयोगापुढं जबाब दिला, की मी गेलो नव्हतो, मी काही बघितलं नाही, तर तो माणूस सुटतो."

"आन् मला?"

"खोटी साक्ष. शिक्षा होऊ शकते."

"कौसाबाईला तुम्ही सांगता का?" अप्पानं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिनं मला विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आठला कौसाबाई डबा घेऊन आली. अप्पानं मोटार बंद केली. गिरणी एकदम गप झाली तशी ठाण्यातला पंखासुद्धा ऐकू यायला लागला.

"लाईट गेली काय?"

"न्हाई. बसा जरा."

"बसायला कुठला येळ? हाटेलवाला बोंबलंल."

"कौसाबाई, मी गेलो नव्हतो."

"कुठं?"

"बाभळीखाली."

तिनं डबा खाली ठेवला. झाकण तिरपं बसलं होतं, ते तिनं नीट दाबून बसवलं.

"त्या दिशी काय दळत होतात?"

"हरभऱ्याची डाळ. पेठंतल्या लग्नाचं बेसन."

"सहीला किती येळ लागला?"

"पट्टा बंद केला नव्हता."

"मी इचारायला आले होते तुमाला. हितंच हुभी होते."

"तवा जमादार बसला होता पोत्यावर."

तिनं पोत्याकडं बघितलं. "आता कोन न्हाई बसलं, म्हनून सांगितलंत."

अप्पानं पोत्यावरचं पीठ हातानं पुसलं.

"चार वर्षं पत्रं येत होती त्यांची," कौसाबाई म्हणाली. "मी पोस्टमनला म्हनलं, हितं कोनी ऱ्हात न्हाई म्हनून लिहा आन् धाडा माघारी." तिनं ज्वारीचा डबा तसाच डोक्यावर घेतला आणि ती गेली. त्या दिवशी देवनळीच्या एकाही हॉटेलात भाकरी नव्हती. लोकांनी पाव खाल्ला आणि आयोगाला शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "पुन्याला कधी जायाचं?"

अप्पानं पुण्याला जायच्या आधी तीन वेळा अंघोळ केली. नवा शर्ट, नवं धोतर, नवी टोपी. गिरणीचा कण अंगावर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण आयोगानं नवीनच नियम केला होता. आयोगापुढं येणारा प्रत्येक कागद धूलिदर्शकाखालून जाणार, आणि यंत्राच्या विरुद्ध कुठल्याही माणसाची साक्ष ऐकली जाणार नाही. माणसांच्या साक्षीचा काय भरवसा असतो, हे आयोगाला चारशे दहा वेळा कळलं होतं.

आयोगाच्या दालनात भिंतीवर पडदा होता. पडद्यावर तुरुंगातला निवृत्ती दिसला. पांढरं डोकं, बसलेले गाल. त्याला बोलायला तीन मिनिटं दिली होती. त्यातलं एक मिनिट कारकुनाला आवाज जोडण्यातच गेलं.

"औंदा ज्वारी कशी हाय?" निवृत्तीनं विचारलं.

"बरी हाय," कौसाबाई म्हणाली. "दाना बारीक हाय जरा."

तो खोकला. खोकला संपेस्तोवर दुसरं मिनिट गेलं.

"भाकरी आनते येताना," ती घाईनं म्हणाली.

"कडक आन. हितं मऊ भेटती सगळी."

पडदा काळा झाला. कौसाबाई पुढंही थोडा वेळ त्याच्याकडं बघत होती. मग तिनं कारकुनाकडून संमतीपत्र मागून घेतलं, ह्यांना घरी ठेवून घेऊ असं लिहिलेलं. पत्ता सांगितला, अंगठा उठवला.

अप्पानं जबाब दिला. एकदाही अडखळला नाही, कारण ह्यातलं काहीच पाठ केलं नव्हतं. टाईप केलेला कागद त्यानं तीनदा वाचला. आयुष्यात सही करण्याआधी वाचलेला तो पहिला कागद. नाक कागदाला टेकलं होतं. मग त्यानं आयोगानं दिलेल्या पेननं, आयोगाच्या टेबलावर, अध्यक्षांच्या समोर, डॉक्टर मुजावर दोन हात अंतरावर उभ्या असताना सही केली. आणि कागद उचलून, चाळीस वर्षांच्या सवयीनं, सहीवर फूऽऽ केलं.

"अप्पा!" डॉक्टर ओरडल्या.

उशीर झाला होता. शर्ट नवा होता, धोतर नवं होतं, फुप्फुसं जुनी होती. यंत्रानं अर्ध्या तासात निकाल दिला. सही करण्याचं ठिकाण: हलकुडे पिठाची गिरणी, देवनळी. जबाब बनावट.

"साहेब, मी इथं उभी होते!" डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र माझं आहे. मी बनवलंय. मी सांगते ते चुकतंय!"

"मॅडम," अध्यक्ष खेदानं म्हणाले, "ही मानवी साक्ष झाली."

पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. त्या वेळी अप्पाच्या तोंडाला दवाखान्यातला मुखवटा बांधला आणि नळी खिडकीबाहेर सोडली. बोलता येत नव्हतं, सही करता येत होती. यंत्र म्हणालं, ठिकाण आयोगाचं दालन. जबाब ग्राह्य. खोट्या साक्षीचा खटला अप्पावर वेगळा चालणार होता, पण आदेश निघाला. निवृत्ती डोंबे निर्दोष, मंगळवारी सकाळी दहाला सुटका.

मंगळवारी कौसाबाई तुरुंगाच्या फाटकाशी नऊलाच पोचली. फडक्यात अकरा भाकऱ्या, कडक, पापुद्रा सुटलेल्या. अप्पा तिच्यापासून पाच हात लांब उभा होता. सात आठवड्यांत ती त्याच्याशी फारसं बोलली नव्हती. बसमध्ये मात्र तिनं त्याला खिडकीची जागा दिली होती, त्याला धाप लागते म्हणून.

दहाला छोटं दार उघडलं आणि जेलर बाहेर आले. त्यांनी टोपी काढली होती.

"खोकला वाढला होता," ते म्हणाले. "साडेपाचला गेले. बाई, खरंच, सामान बांधून बसले होते."

कौसाबाई फाटकाशी खाली बसली. फडकं तिनं मांडीवर घेतलं. रडली नाही. एक एक भाकरी उलटून बघत राहिली, कुठं मऊ पडली का.

जेलरना पंचनामा करायचा होता. बाहेरचे दोन पंच पाहिजेत. रस्त्यावर एक रिक्षावाला होता, त्याला धरला.

"आणि तुम्ही कोण हो?" त्यांनी अप्पाला विचारलं.

अप्पाच्या तोंडून जुनाच शब्द निघाला. "पंच."

तो आत गेला. जिथं जायचं असतं तिथं पंच म्हणून तो पहिल्यांदाच गेला. निवृत्ती खाटेवर होता. टाचेला भेगा. पायात कोऱ्या चपला, झोपताना सुद्धा घातलेल्या. उशाला पिशवी, तिच्यात दोन कपडे आणि पत्रांचा एक गठ्ठा, प्रत्येकावर 'इथं कोणी राहत नाही' असा शेरा. अप्पानं सगळं बघितलं. खाली बसून बघितलं, उठून दुसऱ्या बाजूनं बघितलं. लिहिणारा शिपाई वैतागला.

"उजव्या हातावर गोंदण, असं लिवलंय," अप्पा म्हणाला. "डाव्या हातावर हाय."

"आजोबा, काय फरक पडतो?"

"खोडा. डावा लिहा."

शिपायानं खोडलं. गोंदण काय आहे तेही अप्पानं लिहायला लावलं. कौसा. मग त्यानं सगळा कागद वाचला आणि सही केली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यानं कागद वर धरला आणि त्यावर फुंकर मारली.

मृत्यूचा पंचनामा आयोगाकडं गेला आणि नियमाप्रमाणं यंत्राखाली आला. सही करण्याचं ठिकाण: हलकुडे पिठाची गिरणी, देवनळी. एक पंच जागेवर हजर नसल्यानं मृत्यू सिद्ध होत नाही, असं आयोगानं नोंदवलं. निवृत्ती डोंबे यांनी पुढच्या तारखेला सकाळी अकरा वाजता स्वतः हजर राहावं, न राहिल्यास सुटकेचा आदेश रद्द समजला जाईल, अशी नोटीस काढली. संमतीपत्रातल्या पत्त्याप्रमाणं ती कौसाबाईच्या घरी आली.

कौसाबाई घरी नव्हती. देवनळीत गिरणी एकच, तिथं ती दळायला गेली होती. म्हणून पोस्टमननं नोटीस गिरणीत दिली आणि पोचपावतीवर अप्पाची सही घेतली.